आईनं पुजलेली सायकल

माझ्या मुलीच्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत, हे सायकल घरात येऊन बरेच महिने झाले तरी मला माहीत नव्हतं. मी त्यांना नुसते ब्रेक म्हणायचो. ज्या सायकलवरून मी शाळेत आणि पुढे कॉलेजात गेलो, तिला लोखंडी दांड्यांचे ब्रेक होते. मूठ आवळली की रबराचे गुटके रिमला जाऊन लागायचे, आणि रिम ओली असली तर लागूनही काही व्हायचं नाही. मग पाय टेकवायचा. माझ्या सगळ्या चपला डाव्या टाचेला झिजलेल्या असायच्या.

नवे ब्रेक निवडायची वेळ माझ्यावर आली ती आईमुळे. आणि त्या निवडण्याच्या दिवसांत मला ब्रेकपेक्षा आईचीच काळजी जास्त होती.

आमच्या गावी, माणदेशाच्या कडेला असलेल्या तालुक्याच्या गावी, आमची पिठाची गिरणी होती. दळण घ्यायला वडील बसायचे, पण गिरणी खरी आईची. त्या घरघरीनं वडिलांचा कान लवकर बधिर झाला, आईचा उलट तिखट झाला. मागं स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता ती म्हणायची, "बेअरिंग वरडतंय," आणि पीठ लागलेल्या हातांनी तेलाची बुधली उचलून स्वतःच जायची. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझी फी, शहरातली खोली, परीक्षेला जायची एसटी, सगळं त्या गिरणीतून आलं. निकालाच्या दिवशी मी धावत गेलो तेव्हा आईच्या पापण्यांवर पीठ होतं आणि गिरणीच्या आवाजात तिला माझं काही ऐकू गेलं नाही. माझ्या तोंडाकडं बघूनच तिला कळलं. तिनं गिरणी बंद केली नाही, कारण रांगेत बायका होत्या. नुसतं पदरानं तोंड पुसलं.

वडील गेल्यावर तिनं गिरणी एकटीनं ओढली. मग गुडघे ऐकेनात. गिरणी विकली आणि ती सानपाड्याला आमच्याकडे आली. "दिवाळीपातूर राहते," म्हणाली. हे तिनं मला सांगितलं, सुनेला सांगितलं, सोसायटीच्या वॉचमनलाही सांगितलं.

आणि राहिलीही तशीच. गॅस पेटवायच्या आधी विचारायची, पंखा लावायच्या आधी विचारायची. सकाळी चादर अशी घडी करून ठेवायची की त्या पलंगावर रात्री कुणी झोपलं होतं असं वाटू नये. टीव्हीवर आम्ही लावू ते बघायची. काय करू जेवायला, असं माझ्या बायकोनं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय बी चालंल गं." जिनं आख्ख्या पेठेला रांगेत उभं केलं ती बाई माझ्या घरात दबक्या आवाजात बोलत होती. तिनं आता कायमचं इथंच राहावं असं मला फार वाटायचं. पण पाहुण्यांना आग्रह करून चार दिवस ठेवता येतं, पुढं नाही, हेही कळत होतं.

मग खंडेनवमी आली. पावण्याच्या एमआयडीसीत एका लहान कंपनीत मी क्वालिटीचं काम बघतो. तिथंही त्या दिवशी मशिनींना हार असतात, पेढे वाटतात. संध्याकाळी घरी आलो तर बायकोनं दारातच मला थांबवलं आणि हळूच म्हणाली, "आत जा, बघ. आज कशालाच विचारलं नाही त्यांनी. ताम्हनसुद्धा स्वतः कपाटातून काढलं."

आईनं घरातल्या यंत्रांची पूजा मांडली होती. मिक्सरवर कुंकवाची बोटं, लॅपटॉपवर झेंडूचं फूल. आणि हॉलच्या कोपऱ्यात मुलीची माउंटन बाइक न्हाऊन उभी होती, हँडलला माळ, सीटवर हळदकुंकू. आई तिच्याकडं, गिरणीकडं बघायची तशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"चाक लई कुईकुई करत हुतं बघ हिचं," ती नातीला म्हणाली. "ते बी गप केलंय."

आमची मुलगी कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. कानात इअरफोन होते, तिनं अर्धंच ऐकलं आणि आजीच्या गळ्यात हात टाकला. मला तर त्या वाक्याचं कौतुकच वाटलं. आईला आमच्या घरात काहीतरी ऐकू आलं होतं आणि तिनं ते दुरुस्त केलं होतं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, मुलगी मैत्रिणींबरोबर सायकलनं पारसिक हिलला गेली. पामबीच रोडला ब्रेक जरा मऊ लागतायत असं तिला जाणवलं होतं. काल आजीनं धुतलीय, ओले असतील, असं तिला वाटलं. चढावर ब्रेकचं काही काम नव्हतं. उताराला लागल्यावर मात्र दोन्ही मुठी आवळल्या तरी सायकल थांबेना, वेग वाढतच गेला, आणि समोर वळण आलं. पोरीनं डोकं शाबूत ठेवलं आणि सायकल सरळ कडेच्या मातीच्या ढिगात घातली. कोपर आणि गुडघा सोलपटला. हेल्मेटला ओरखडा आला. सायकलचा डाव्या हाताचा ब्रेकचा लिव्हर मोडला.

मी स्कूटरवरून पोचलो तेव्हा ती कडेच्या दगडावर बसली होती आणि मैत्रीण तिच्या गुडघ्यावर पाणी ओतत होती. मला काही बोलू न देता तिनं माझं बोट धरलं आणि चाकावर टेकवलं. या ब्रेकचं असं असतं की चाकाच्या मधोमध एक पातळ पोलादी चकती असते, तीच डिस्क. दोन लहान पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. माझं बोट त्या चकतीवरून बुळबुळीत घसरलं. मी ते नाकाशी नेलं. माझ्याच टूलबॉक्समधल्या मशीन ऑइलचा वास होता.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"बाबा, आजीला नको सांगूस," ती म्हणाली.

"नाही सांगत."

"ती जाईल रे परत. आधीच कशाला हात लावायला घाबरते." एवढं बोलल्यावर मात्र तिला रडू आलं.

घरी आल्यावर आम्ही रस्त्यावर खडी होती असं सांगितलं. आईनं हळद आणली, नातीचा हात मांडीवर घेतला आणि फुंकर घालत म्हणाली, "कालच पूजा केली म्हणून थोडक्यावर निभावलं, बरं का." मुलगी "हो आजी" म्हणाली. मी बूट काढायला खाली वाकलो तो बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

स्वयंपाकघरात बायकोला खरं सांगितलं. तिनं आधी कपाळाला हात लावला, मग दार लोटलं आणि म्हणाली, "आईंना हे कळता कामा नये. कधीच नाही." आमच्या घरात टीव्हीच्या चॅनेलवरून तिघांचं कधी एकमत झालेलं नाही. यावर लगेच झालं.

वाशीगावात एक सायकलचं दुकान आहे. मालक गावातलाच, पन्नाशीतला, स्वतःच्याच इमारतीच्या तळमजल्यावर दुकान थाटलेला. मी आणि मुलगी सायकल घेऊन गेलो. त्यानं चाक फिरवलं, पॅड काढून हातावर घेतले आणि मान वर केली.

"डिस्कला तेल कोनी चोपडला?"

"पूजेत लागलं," मी म्हणालो.

तो मोठ्यानं हसला. "दसरा झाला का येतात असे एक-दोन. मागं एकानं तर डिस्कवरच नारल फोडलेला. वाकरी करून आनली." मग त्यानं मोडलेला लिव्हर बघितला. "पॅड तर गेलेच, तेल प्यायले का परत चालत नाय. पन हा लिव्हर आता येत नाय, साहेब. आख्खा सेटच बदला. घाई नको. काय पायजे ते ठरवा नि या."

त्यानं चार प्रकार सांगितले, आणि आमच्या संध्याकाळी त्यात जाऊ लागल्या. सगळ्यात साधे तारेचे डिस्क ब्रेक होते, कुठंही दुरुस्त होणारे, पण लांब उतारावर बोटं दुखवणारे. हायड्रॉलिकमध्ये तार नसते, नळीत तेल भरलेलं असतं. त्यातही काही ब्रेकमध्ये मोटारीत घालतात तसलं फ्लुइड असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि आमच्या इथल्या खाडीच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. म्हणून आम्ही मिनरल ऑइलवाल्यांकडं झुकलो. मग प्रश्न आला, पॅड दाबणारे पिस्टन दोन असावेत की चार. मुलीला चारचे हवे होते, कारण तिच्या ग्रुपमधल्या एकीकडं ते होते. मला दोनचे पुरे वाटत होते, कारण सुटे पॅड कुठंही मिळतात. पुढची डिस्क एक माप मोठी घ्यावी यावर मात्र दोघं राजी होतो. मी सवयीनं प्रत्येक गोष्टीचं माप, वजन, गॅरंटी विचारत बसायचो.

"बाबा, तू ब्रेक घेतोयस की कंपनीचं ऑडिट करतोयस?"

"तू उतारावर आहेस. मला ऑडिटच करायचंय."

आई दिवाणावर बसून हे ऐकायची. मधे बोलायची नाही. एका संध्याकाळी मात्र म्हणाली, "तार न्हाई म्हंता, मग हितं दाबल्यालं तिथं कसं कळतं?"

मी मुलीकडं बघितलं, मुलीनं माझ्याकडं. पण आईनं आमच्या घरात इतक्या मोकळेपणानं काही विचारलं नव्हतं, आणि मला उत्तर येत होतं. आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूप लावलेलं कपाट होतं. विज्ञानाच्या गुरुजींनी सरकारी दवाखान्यातून दोन सिरिंज आणि सलाइनची नळी मागून आणली होती, आणि त्यावर आम्हाला शिकवलं होतं की बंद नळीतलं पाणी एका टोकाला दाबलं तर दाब सगळीकडं सारखा पोचतो. आजवर मी जे काही कमावलं त्यात त्या गुरुजींचा वाटा आहे. मी खाली जाऊन मेडिकलमधून एक लहान आणि एक मोठी सिरिंज आणली, माशांच्या टाकीची नळी आणली, पाण्यात शाई टाकली आणि लहान सिरिंज आईच्या हातात दिली.

"दाब."

तिनं दाबली. नातीच्या हातातल्या मोठ्या सिरिंजचा दांडा हळूहळू वर आला.

"आता तू धरून ठेव गं. येऊ देऊ नको वर," मी मुलीला म्हणालो.

नातीनं अंगठ्यानं जोर लावला. आईनं एका बोटानं दाबलं आणि नातीचा अंगठा वर उचलला गेला.

"अगं बया! मी एका बोटानं उचलती हिला!"

मग दोघी भांडत बसल्या. मुलीनं दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, आई पदर खोचून पुढं सरकली, शेवटी नळी निसटली आणि निळं पाणी माझ्या चष्म्यावर उडालं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मीही हसलो. पुढं ते तेल चाकापाशी जाऊन काय करतं, पॅड कसे घासतात, हे सांगायचं मी टाळलं. तिनंही विचारलं नाही. फक्त झोपायला जाताना म्हणाली, "ब्रेक घ्यायला मी बी येणार. गिरणीचं बेअरिंग मी कधी हातात धरल्याबिगर घेतलं न्हाई."

ती आमच्याकडं आल्यापासून कुठं ने म्हणालीच नव्हती. मंदिरातसुद्धा आम्हीच आग्रहानं न्यायचो. तिला नाही म्हणणं आम्हाला शक्यच नव्हतं. दुकानदाराला आधी फोन करून तेलाचं बोलू नका असं सांगावं म्हणून मी फोन लावला, त्यानं उचलला नाही. दसऱ्यानंतरचा रविवार, दुकानात गर्दी असणार. त्याला एकदा बघितलं होतं तेव्हा बरा वाटला होता, त्या भरवशावर आम्ही रिक्षात बसलो.

दुकानात एका सुट्या हँडलवर वेगवेगळे लिव्हर दाबून बघायला लावून ठेवले होते. आईनं एकेक दाबला. तारेचा दाबून तोंड वाकडं केलं. मग नातीला बोलावून तिचं बोट प्रत्येकावर ठेवायला लावलं.

"एका बोटात येतंय का?"

"हा नाही येत. हा येतोय."

"ताईंचा हात लहान हाय," दुकानदार म्हणाला. "यात स्क्रू हाय, लिव्हर जवळ घेता येतो. दोन पिस्टनचाच घ्या. चारचा मोठ्या डोंगराला. पारसिकला दोनचा बख्खल झाला."

मुलीनं दाबून बघितला, परत दाबला, आणि चार पिस्टनचं नाव पुन्हा काढलं नाही. ठरलं. मिनरल ऑइलचा, दोन पिस्टनचा, पुढं मोठी डिस्क. खोक्यातून सेट बाहेर काढल्यावर दुकानदार म्हणाला की हे बाहेरच्या देशांच्या हिशोबानं जोडून आलेत, पुढचा ब्रेक डाव्या हाताला. आपल्याकडं स्कूटरसारखा पुढचा उजव्या हाताला लागतो, तेव्हा नळ्या बदलून देतो. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास घेतला. पाच मिनिटांत आम्ही दाराबाहेर असतो.

पण तो मनानं चांगला माणूस होता, आणि आजींना काहीतरी सांगावं असं त्याला वाटलं.

"आजी, पुढच्या दसऱ्याला हार घाला, नारल फोडा, पन डिस्कला तेल लावून देऊ नका कोनाला. तेल या नलीच्या आत पायजे. भायेर आला का ब्रेक गेला. ताई पडल्या त्या तेलानंच ना."

आई त्याच्याकडं बघत राहिली.

"मीच लावलं होतं आजी," मुलगी पटकन म्हणाली. "कुईकुई करत होतं ना, म्हणून."

आईनं नातीकडं बघितलं नाही. खोक्यातला नवा पॅड उचलला, त्यावरून अंगठा फिरवला, मग वाकून डिस्ककडं बघितलं.

"हे याला घासतं व्हय?"

"हां आजी. दोन बाजूंनी."

"म्हंजी ह्यो पट्टा हाय," ती म्हणाली. "मला वाटलं बेअरिंग."

दुकानदाराला समजेना. तिनंच त्याला सांगितलं, अगदी शांतपणे, की गिरणीत बेअरिंगला तेल लागतं, पण मोटरीच्या पट्ट्यावर तेलाचा थेंब पडला तर पट्टा घसरतो आणि दगड फिरत नाही. "आमी पट्ट्याला राळ लावायचो, धरून ऱ्हावा म्हणून. तेल न्हाई. तेल लावलं तर गिरणी बसली."

"बरोबर आजी. तसाच."

दुकानदारानं ब्रेक बसवले, नळीतली हवा काढली आणि मुलीला समोरच्या गल्लीत फेऱ्या मारायला सांगितलं. नवे पॅड लगेच धरत नाहीत, थोडा वेग घ्यायचा आणि ब्रेक लावायचा, असं बऱ्याचदा केलं की ते डिस्कवर बसतात. मुलगी जात होती, थांबत होती. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर थांबत होती. आई गल्लीच्या कडेला उभी राहून चाकाकडं बघत होती, आणि मी आईकडं.

मुलगी सायकलवरून घरी गेली. रिक्षात मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. आईनं बाहेरून नजर वळवली नाही. घरी आल्यावर ती आत गेली. थोड्या वेळानं तिच्या बॅगेच्या चेनचा आवाज आला. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, संपलं. आता ही उद्याचीच गाडी बघायला सांगेल.

आई बाहेर आली. हातात काही नव्हतं. आमच्या सोफ्यावर ती कधी बसायची नाही, दिवाणाच्या कडेला बसायची. आज सोफ्याच्या मधोमध बसली.

"बसा तिघं बी म्होरं."

आम्ही बसलो.

"खडी कुठल्या रस्त्याला हाय?"

मुलीनं कोपर दुसऱ्या हातानं झाकलं.

"आणि तू गं? मीच लावलं म्हंतीस? तोंड वर करून?"

"आजी, तुला वाईट वाटलं असतं म्हणून."

"वाटू दे की!" आईचा आवाज चढला. "माझ्या हातानं पोर पडली आणि मला वाईट बी वाटू देईनात! मी हितं सांगत बसली, पूजा केली म्हणून वाचली, आणि तुम्ही तिघं बैलावाणी माना हलवताय. येडी केली मला."

"आई, तसं नाही," मी म्हणालो.

"तू गप. तू शिकल्याला, तू तर आधी सांगायचं हुतं. गिरणीवर कुणाच्या पिठात दगडाची खर आली तर बाई डबा आपटायची माझ्या म्होरं. तोंडावर बोलायची. मी बी भांडायची, मग दगडाला छिन्नीनं टाकी लावून परत दळून द्यायची. त्यात काय कुणी मरत न्हाई. चूक झाल्याली कुणाला सांगत न्हाईत? पाव्हणीला. मला पाव्हणीच करून ठेवायची असंल तर तसं सांगा, म्हंजी मी बॅग भरायची का रिकामी करायची ते ठरवती."

तो आवाज मी किती तरी वर्षांनी ऐकत होतो. मोटर, पट्टा आणि रांगेतल्या बायका या सगळ्यांच्या वर चढणारा आवाज. शेजारच्यांचं दार किलकिलं झालं असणार, मला पर्वा नव्हती. आईचे डोळे भरून आले होते. तिनं नातीला ओढून जवळ घेतलं आणि तिच्या कोपरावरची खपली बघितली. "दुखतंय का अजून?" म्हणाली. मुलीनं नाही म्हणून मान हलवली आणि आजीच्या कुशीत तोंड घातलं.

मग माझी बायको म्हणाली, "आई, मग एक सांगू?"

"सांग."

"त्या दिवशी तुम्ही वॉशिंग मशीनच्या आतूनसुद्धा तेलाचं फडकं फिरवलंत. ह्यांच्या दोन शर्टांना डाग पडलेत. मी ते कपाटात मागं लपवून ठेवलेत."

मला हे नवीन होतं. आई तिच्याकडं बघत राहिली.

"आणखी?"

"आणखी काही नाही. म्हणजे, तुम्ही कुकर घासता ते छान, पण शिट्टी कुठं ठेवता ते मला रोज शोधावं लागतं."

आईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "बरं. आता माझं ऐक. तुमचं ते पिशवीतलं पीठ."

"काय झालं त्याला?"

"पीठ हाय का ते? मेलंय ते. कवा दळलंय, कुठं दळलंय, वास न्हाई, चव न्हाई. मी आल्यापासनं त्याची चपाती गिळती."

"अहो मग सांगायचं ना इतके दिवस!"

"तुम्ही कुठं काय सांगत हुता?"

माझी बायको आधी हसली. मग सगळेच. मला एकदम भरून आलं आणि मी चहा ठेवायला उठलो. जिनं जन्मभर दुसऱ्यांचं पीठ दळलं, ती माझ्या घरात मुकाट्यानं पिशवीतलं पीठ खात होती, आणि मी तिला रोज विचारत होतो, आई, सगळं ठीक आहे ना?

आईनं बॅगेतून काय काढलं ते नंतर कळलं. उन्हाळ्यात लागणारी पातळं, जी तिनं इतके दिवस बॅगेतच ठेवली होती. ती तिनं कपाटात लावली.

त्याच आठवड्यात आम्ही एपीएमसीच्या बाजूनं गहू आणले. आईनं ते हॉलभर पसरून निवडले, कुणाला विचारलं नाही, आणि आम्ही दोन दिवस भिंतीच्या कडेकडेनं चाललो. मग मी डबा स्कूटरवर ठेवून तिला तुर्भे गावातल्या गिरणीत घेऊन गेलो. गिरणीवाला तिशीतला होता, मोबाइल बघत बसला होता. आमचं दळण सुरू झालं तशी आई पुढं सरकली, पीठ पडतं तिथं हात धरला, चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि परत चोळली.

"पीठ तापतंय. दगडाला टाकी कवा लावलीस?"

"गेल्याच महिन्यात लावली, मावशी."

"लबाड बोलू नगं. हे बघ, हात लाव. रवाळ बी हाय आणि गरम बी. दगड गुळगुळीत झाल्यात तुझं."

रांगेतल्या दोन बायकांनी माना पुढं केल्या. एकीनं आपल्या डब्यात हात घालून पिठाची चिमूट चोळली आणि म्हणाली, "खरंच की." गिरणीवाल्यानं मोबाइल खिशात ठेवला.

"मावशी, तुमची गिरणी होती काय कुठं?"

"ते विचारू नगं. टाकी कवा लावतोस ते सांग."

"उद्या लावतो. परवा या, मऊ दळून देतो."

"परवा येते," आई म्हणाली. "आणि दिवाळी झाल्यावर बी मीच येणार हाय. ध्यानात ठेव."

मी डबा उचलला. झाकण गरम होतं.